दीर्घ शब्दांची फोड : उपसर्ग, सांधे आणि अक्षरे

बेंगळूरूच्या पूर्व भागातील एका उपनगराला सर्व लोक के. आर. पुरम या नावाने ओळखतात. त्याचे पूर्ण नाव कृष्णराजपुरम असे आहे. ज्यांनी हे नाव आखूड केले, त्यांनी ते वाटेल तेथे तोडलेले नाही. कृष्ण, राज आणि पुरम हे तीन घटक त्यांनी ओळखले आणि पहिल्या दोहोंचे आद्याक्षर ठेवून तिसरा घटक अखंड राहू दिला. याउलट रेल्वेने आपल्या सोयीसाठी या स्थानकाला के-जे-एम असे संकेतनाम दिले आहे. त्यातील ‘जे’ हे अक्षर ‘राज’ या घटकाच्या पोटातून आले आहे. पहिल्या पद्धतीत शब्दाचा अर्थ पाहिला आहे, दुसरीत केवळ ध्वनी. दीर्घ शब्द वाचताना हेच दोन मार्ग आपल्यापुढे असतात, आणि पुष्कळदा ते एकमेकांशी जुळत नाहीत. हे न जुळणे कोठे व का घडते, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

घटक आणि अक्षर

के. आर. पुरमला लागूनच दूरवाणीनगर ही वसाहत आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी उद्योगामुळे ती वसली. कन्नडमध्ये टेलिफोनला दूरवाणी म्हणतात, मराठीत दूरध्वनी, तर हिंदीत दूरभाष. मूळ ग्रीक घटकांचा अर्थ ‘दूर’ आणि ‘ध्वनी’ असा आहे. तिन्ही भाषांनी पहिला घटक सारखाच घेतला आणि दुसरा आपापल्या पसंतीने निवडला. येथे ‘दूर’ हा उपसर्ग नव्हे, हे ध्यानात ठेवावे. तो स्वतंत्रपणे वापरता येणारा शब्द असून समासात पूर्वपद म्हणून आला आहे. उपसर्ग मात्र संस्कृतात व मराठीत सहसा एकटा वावरत नाही. तो धातूच्या किंवा शब्दाच्या आधी जोडला जातो आणि त्याचा अर्थ बदलतो. आहार, विहार, प्रहार आणि संहार या चार शब्दांत ‘हार’ हा भाग एकच आहे. अर्थ मात्र चार दिशांना गेले आहेत.

मराठीत समासाचा सांधा पुष्कळदा कानाला कळतो. ‘मनपसंत’ हा शब्द आपण ‘मन्-पसंत’ असा उच्चारतो. ‘न’मधील अकार लुप्त होतो, कारण ‘मन’ हा शब्द तेथे संपतो. आता ‘अनपेक्षित’ हा शब्द घ्या. लेखनात येथेही ‘न’ नंतर ‘पे’ आहे, परंतु ‘अन्-पेक्षित’ असे कोणी म्हणत नाही. ‘अ-न-पे-क्षित’ असेच म्हणतात. याचे कारण असे की येथील अकार ‘अपेक्षित’ या शब्दाचा आरंभ आहे. अन् + अपेक्षित अशी ही फोड आहे. म्हणजे ‘न’ या एका अक्षरातील व्यंजन उपसर्गाचे आणि स्वर मूळ शब्दाचा.

देवनागरी वाचणाऱ्याची खरी अडचण येथे आहे. आपल्या लिपीत अक्षर हा अखंड एकक आहे आणि सांधा अनेकदा त्या अखंड अक्षराच्या आतच असतो. ‘प्रत्युपकार’ हा शब्द पाहा. प्रति + उपकार अशी त्याची फोड आहे. इकाराचा यकार झाला, त्यात पुढचा उकार मिसळला आणि सांधा ‘त्यु’ या जोडाक्षरात लपला. पर्यावरण (परि + आवरण), अध्यादेश (अधि + आदेश), अत्यावश्यक (अति + आवश्यक) हे शब्द याच प्रकारचे. अक्षरे कितीही शुद्ध वाचली, तरी संधी सोडविल्यावाचून त्यांची घडण दिसत नाही.

स्वीडिश भाषेचा दाखला

के. आर. पुरमवरून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेकडे गेले म्हणजे होसकोटे लागते. तेथे व्होल्वो या स्वीडिश कंपनीने १९९८ साली मालमोटारींचा कारखाना सुरू केला. त्या निमित्ताने स्वीडिश भाषेकडे वळणे अप्रस्तुत होणार नाही, कारण लांबलचक शब्द घडविण्यात ही भाषा संस्कृतची आठवण करून देते. (पुढे दिलेले उच्चार स्थूलमानाचे समजावेत.)

रेल्वे स्थानकाला स्वीडिशमध्ये ‘यार्नवेग्सस्टाशून’ म्हणतात. यार्न म्हणजे लोखंड, वेग म्हणजे मार्ग आणि स्टाशून म्हणजे स्थानक. ‘लोहमार्ग-स्थानक’ असा हा सरळ समास आहे. मधला ‘स’ दोन पदांना जोडण्याचे काम करतो. दुसरा शब्द ‘ऊफ्योरुतसेगबार’. यात ‘ऊ’ हा नकारवाचक उपसर्ग, ‘फ्योरुत’ म्हणजे आधी, ‘सेग’ म्हणजे सांगणे आणि ‘बार’ हा शक्यतादर्शक प्रत्यय. ‘आधी सांगता न येण्याजोगा’ असा अर्थ घटकांच्या क्रमानेच उलगडतो.

ओळीच्या शेवटी शब्द तोडताना स्वीडिश लेखक दोन नियम पाळतात. शब्दाचे घटक स्पष्ट असतील, तर तो घटकांच्या सांध्यावर तोडावा, हा पहिला. घटक दिसत नसतील, तर स्वरांमधील व्यंजनांपैकी शेवटचे एक व्यंजन पुढील ओळीवर न्यावे, हा दुसरा. सांधा चुकला की काय होते, याचे एक उदाहरण तेथे प्रसिद्ध आहे. एकाच वर्णांनी लिहिलेला शब्द ‘बील-ड्रुले’ असा तोडला, तर धांदरट मोटारचालक असा अर्थ होतो. ‘बिल्ड-रुले’ असा तोडला, तर चित्रांची गुंडाळी, म्हणजे फिल्मचा रोल. दुसरे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. काचेचा वाडगा आणि आइसक्रीमचा वाडगा हे दोन शब्द अगदी सारखे लिहिले जातात. आइसक्रीम या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी दोन ‘स’ आहेत आणि वाडग्याच्या आरंभी एक. परंतु तीन ‘स’ सलग लिहू नयेत असा नियम असल्याने एक गाळला जातो. ओळीच्या शेवटी शब्द सांध्यावर तोडला, की तो गाळलेला ‘स’ परत येतो. लोप पावलेला वर्ण विग्रहात पुन्हा प्रकट व्हावा, हे आपल्या संधीच्या नियमांशी परिचित असलेल्या वाचकाला नवल वाटण्यासारखे नाही.

स्वीडिश उपसर्गांत आघाताचाही भेद आहे. ‘बे’ आणि ‘फ्योर’ हे उपसर्ग निराघात असतात व शब्दापासून कधीही सुटत नाहीत. ‘ताला’ म्हणजे बोलणे, पण ‘बेताला’ म्हणजे पैसे चुकते करणे. मराठीतील ‘बेजबाबदार’, ‘बेकायदा’ या शब्दांतील फारसी ‘बे’शी या उपसर्गाचा काही संबंध नाही, रूप सारखे असले तरी त्यात अभावाचा अर्थ नाही. ‘आव’ हा उपसर्ग मात्र आघात घेतो आणि क्रियापदापासून विलगही होतो. ‘आवब्रूता’ म्हणजे मध्येच थांबविणे. ‘ब्रूता आव’ असे सुटे म्हटले, तर एखादी वस्तू तोडणे. वेदांच्या भाषेतही उपसर्ग क्रियापदापासून दूर, कधी त्याच्या नंतरसुद्धा येत असत आणि पाणिनीने त्यासाठी वेगळे नियम सांगितले आहेत. पुढील संस्कृतात ते धातूला कायमचे चिकटले.

लपलेला नकार

हा सारा विचार केवळ व्याकरणाच्या हौसेचा नाही. परप्रांतात वाढणाऱ्या मराठी मुलांना घराबाहेर कन्नड व इंग्रजी वाचावी लागते आणि मराठी मुख्यतः कानावरूनच मिळते. बोलण्यातील छोटे शब्द त्यांना येतात. अडते ते अर्जातील, नोटिशीतील आणि पाठ्यपुस्तकातील दीर्घ शब्दांशी. त्यांतही सर्वांत धोक्याची जागा म्हणजे अक्षरात लपलेला नकार. ‘अनुज्ञा’ आणि ‘अनुचित’ हे शब्द डोळ्यांना एकाच कुळातले वाटतात. पहिला अनु + ज्ञा, म्हणजे परवानगी. दुसरा अन् + उचित, म्हणजे अयोग्य. ‘अनुत्तीर्ण’, ‘अनुपस्थित’, ‘अनुपलब्ध’, ‘अनधिकृत’ या प्रत्येक शब्दातील नकार ज्याच्या लक्षात आला नाही, त्याला वाक्याचा अर्थ नेमका उलटा कळेल.

यावर एक साधी कसोटी आहे. प्रथम ‘अनु’ बाजूला काढावा आणि उरलेला भाग शब्द आहे काय, ते पाहावे. ‘अनुरूप’मधून ‘रूप’ उरते, फोड बरोबर. ‘अनुपलब्ध’मधून ‘पलब्ध’ उरते. तो शब्द नव्हे. मग केवळ ‘अन्’ काढावा. ‘उपलब्ध’ हाती येते. ही कसोटी बहुधा उपयोगी पडते, परंतु ती अचूक नाही. ‘अनुदार’मधून ‘दार’ उरते आणि तो शब्द आहे. तरीही खरी फोड अन् + उदार अशीच आहे. अशा वेळी निर्णय वाक्याच्या अर्थावर सोपवावा लागतो.

म्हणून दीर्घ शब्द समोर आला असता त्याला भिऊ नये आणि एका दमात त्यावरून घसरूनही जाऊ नये. अक्षरे जिभेसाठी आहेत, घटक बुद्धीसाठी. शब्द मोठ्याने वाचावा, मग सांधा शोधावा, आणि फोड केलेला अर्थ वाक्यात ठेवून पाहावा.

स्वाध्याय

१. पुढील शब्दांची फोड करा व ज्यांत नकार आहे ते वेगळे काढा : अनुकरण, अनावश्यक, अनुदात्त, अनुस्वार, निरुपयोगी, अनुमान.

२. ‘अभ्यागत’ आणि ‘दुरुपयोग’ या शब्दांतील सांधा कोणत्या अक्षरात आहे, ते सांगा.

३. आपल्या गावातील किंवा वस्तीतील एक लांब स्थलनाम घ्या. लोक ते कसे आखूड करतात, आणि तसे करताना सांध्यावर तोडतात की सांध्याबाहेर, याचे निरीक्षण करून चार ओळी लिहा.