बारा हजारांचा फोन सतरा हजारांना

फोनची किंमत वेगळी आणि फोनचा खर्च वेगळा. किंमत दुकानाच्या काचेवर लिहिलेली असते. खर्च पुढच्या तीन वर्षांत सुट्या पैशांसारखा खिशातून गळत जातो. १० ते १५ हजारांतला फोन घ्यायला निघाला असाल, तर कुठे काय लागेल, किती लागेल आणि कुठे नाही म्हणायचे, ते इथे क्रमाने दिले आहे. दुरुस्तीचे आणि सुट्या भागांचे आकडे ढोबळ आहेत. मॉडेल आणि गाव बदलले की त्यांत फरक पडतो.

घराबाहेर पडण्याआधी

तीन गोष्टी ठरवून निघा. पहिली, स्टोरेज. १२८ जीबीच्या खाली शक्यतो उतरू नका. ६४ जीबीच्या फोनमध्ये १५ ते २० जीबी जागा कंपनीची प्रणाली आणि आधीच भरलेली ॲप खातात. उरलेली जागा व्हॉट्सॲपवरचे शुभेच्छांचे व्हिडिओ खातात. दुसरी, रॅम. खोक्यावर ठळक ‘८ जीबी’ दिसले, तर खालचे बारीक अक्षर वाचा. अनेकदा ते ४ अधिक ४ असते. यातले दुसरे ४ जीबी म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा. ती खऱ्या रॅमइतकी वेगवान नसते. तिसरी, सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार. यूपीआय आणि बँकेचे ॲप याच फोनवर चालवणार असाल, तर हा प्रश्न कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी विचारा.

याहून महत्त्वाचे म्हणजे, फोन पसंत पडला की त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन लावा आणि ‘या मॉडेलचा डिस्प्ले बदलायला किती पडतात?’ एवढेच विचारा. उत्तर फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त आले, तर दुसरे मॉडेल बघा. सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे की दोनशे किलोमीटरवर, तेही याच कॉलमध्ये कळते.

बिल करताना

मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो सांगितलेल्या किमतीत धरलेला असतो. ‘पक्के बिल हवे असेल तर टॅक्स वेगळा’ असे कोणी म्हणाले, तर दुकान बदला. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. साध्या कागदावर लिहिलेल्या चिठ्ठीवर वॉरंटी मागायला गेलात, तर हात हलवत परत याल.

छापील किंमत १७ हजार आणि ‘आज फक्त १२ हजार’ ही पाटी बघून हुरळू नका. छापील किमतीला हे फोन सहसा कोणीच विकत नाही. तुलना करायची ती दोन दुकानांच्या आणि ऑनलाइनच्या प्रत्यक्ष विक्रीभावाची.

बिलात शिरणाऱ्या ओळी तपासा: कार्ड स्वाइपचे २ टक्के, डेटा ट्रान्सफरचे शुल्क, न विचारता लावलेली टफन ग्लास, ‘ॲक्टिव्हेशन’. यातले काहीही सक्तीचे नाही. सवलत एखाद्या ठरावीक बँकेच्या कार्डावरच असेल, तर तेही आधी विचारा. जुना फोन एक्स्चेंजला देणार असाल, तर त्याची रक्कम आधी बिलावर लिहून घ्या आणि मगच फोन हातातून सोडा. त्यातला डेटा पुसायचा आणि गुगल खाते काढायचे, हे घरूनच करून या.

खोके तुमच्यासमोर उघडायला सांगा. आत चार्जर आहे का ते बघा. काही कंपन्यांनी तो देणे बंद केले आहे, आणि तो वेगळा घ्यायचा म्हणजे पाचशे ते हजार रुपये. चार्जर आणि पॉवर बँक घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोची (बीआयएस) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो क्रमांक टाकला की खरा-खोटा कळतो. फुटपाथवरचा दीडशेचा ‘फास्ट चार्जर’ या परीक्षेत बहुधा नापास होतो.

मग डायलरवर *#०६# दाबा. १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसेल. दोन सिमचा फोन असेल तर क्रमांक दोन. फोनवरचा, खोक्यावरचा आणि बिलावरचा क्रमांक जुळलाच पाहिजे. ऑनलाइन मागवला असेल, तर खोके उघडतानाचा व्हिडिओ काढा. ‘ओपन बॉक्स’ डिलिव्हरी असेल, तर फोन बघितल्याशिवाय ओटीपी सांगू नका.

हप्त्यावर घेताय?

‘झिरो कॉस्ट’ म्हणजे फुकट नव्हे. १२ हजारांचा फोन, दरमहा २ हजारांचे ६ हप्ते, असे समजा. बँकेचा दर वार्षिक १५ टक्के असेल, तर साधारण ५०८ रुपये व्याज होते. तेवढी सूट दुकान किंवा कंपनी सुरुवातीलाच देते, म्हणून व्याज दिसत नाही. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ९१ रुपये, तुमच्याच बिलात येतो. प्रोसेसिंग फी १९९ असेल, तर जीएसटीसह २३५ रुपये. म्हणजे ‘झिरो’चे झाले ३२६. शिवाय रोखीने घेतला असता तर दुकानदाराने कमी केले असते ते पाचशे रुपये गेले, ते वेगळेच.

दुकानातल्या फायनान्सवाल्याकडून कर्ज घ्यायचे तर आधार, पॅन, बँक पासबुक आणि खात्यातून हप्ता कापायची ऑनलाइन संमती लागते. काम अर्ध्या तासात होते, आणि याच घाईत कार्ड फी, डॉक्युमेंट चार्ज आणि विमा त्यात घुसवला जातो. सही किंवा ओटीपी देण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना ते बंधनकारक आहे, आणि ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असायला हवे. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तेवढा एकच आकडा बघा.

हप्त्याच्या तारखेला खात्यात पैसे नसतील, तर दंड दोन बाजूंनी बसतो: एक फायनान्स कंपनीचा, दुसरा तुमच्या बँकेचा. म्हणून हप्त्याची तारीख पगारानंतरची मागून घ्या. काही कंपन्या हप्ता थकला की फोन लॉक करणारे ॲप टाकतात. ते टाकणार आहेत का, हे आधी विचारा. कर्ज फिटले की ते काढून घ्या आणि ना हरकत पत्र मागा.

विमा, वॉरंटी आणि ‘प्लॅन’

काउंटरवर तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. कंपनीची वॉरंटी फोनला बहुधा १२ महिने आणि चार्जर-केबलला ६ महिने. ती फुकट असते, पण फक्त मूळ दोषासाठी. फोन पडला किंवा पाण्यात गेला तर ती संपली. ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेल्या फोनलाही पाण्याची वॉरंटी सहसा नसते. एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे हेच संरक्षण दुसऱ्या वर्षी. ती पैसे देऊन घेतली तरी फुटलेला स्क्रीन तीत बसत नाही. स्क्रीन फुटण्यासाठी ‘डॅमेज प्रोटेक्शन’ वेगळे असते.

ते घेताना चार प्रश्न विचारा. वर्षातून किती दावे? प्रत्येक दाव्याला माझ्या खिशातून किती? घसारा कापणार का? फोन चोरीला गेला तर चालते का? प्लॅनचा हप्ता आणि प्रत्येक वेळी भरायची रक्कम यांची बेरीज नव्या डिस्प्लेच्या किमतीजवळ जात असेल, तर प्लॅन सोडा आणि चांगले कव्हर व टफन ग्लास घ्या. तीनशे-चारशे रुपयांत काम भागते.

सर्व्हिस सेंटरला जाताना

सोबत न्या: फोन, बिल, ओळखपत्र, आणि चार्जिंगची तक्रार असेल तर चार्जरही. घरी ठेवा: सिम आणि मेमरी कार्ड. आदल्या रात्री बॅकअप घ्या, कारण मदरबोर्ड बदलला तर आतले फोटो परत येत नाहीत आणि आयएमईआयही बदलू शकतो. नवा क्रमांक लेखी घ्या.

सकाळी सेंटर उघडतानाच जा. भाग शिल्लक असेल तर डिस्प्ले किंवा बॅटरी त्याच दिवशी मिळते, भाग मागवायचा असेल तर आठवडा धरून चाला. जॉबशीटशिवाय फोन सोडू नका. तिच्यावर आयएमईआय, तक्रार, फोनची आत्ताची अवस्था आणि अंदाजे खर्च लिहिलेला हवा. ‘दुरुस्ती नको म्हटले तर तपासणीचे किती?’ हे आधीच विचारा. बदललेल्या भागाला किती दिवसांची हमी, तेही जॉबशीटवरच लिहून घ्या. आणि स्क्रीन लॉकचा आकडा सरसकट सांगू नका. डिस्प्ले किंवा बॅटरी बदलायला तो सहसा लागत नाही.

गल्लीतला कारागीर

वॉरंटी संपली असेल, तर पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट, नागपुरात सीताबर्डी इथे काम स्वस्तात होते. वॉरंटी बाकी असेल तर जाऊ नका. बाहेर उघडलेला फोन कंपनी हातात घेत नाही.

इथली भाषा शिकून जा. ‘फोल्डर’ म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकत्र. फक्त वरची काच तडकली असेल आणि टच चालत असेल, तर ‘ग्लास बदलता येईल का’ विचारा. ते कमी पैशांत होते, पण काम नाजूक आहे आणि डिस्प्ले गेला तर जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवा. साध्या एलसीडीचा फोल्डर बाहेर दीड ते अडीच हजार, बॅटरी सहाशे ते बाराशे, चार्जिंग जॅक दोनशे ते पाचशे, असा भाव धरा. ॲमोलेड असेल तर खर्च बराच वाढतो आणि तिथेच फसवणूक होते: ॲमोलेड काढून साधा पॅनल बसवतात. रंग फिके दिसले, काळा रंग राखाडी दिसला किंवा स्क्रीनमधला फिंगरप्रिंट चालेनासा झाला, तर पैसे देण्याआधी बोला.

काम समोर बसून करून घ्या, जुना भाग परत मागा आणि निघण्यापूर्वी कॉल, स्पीकर, दोन्ही कॅमेरे, चार्जिंग, वाय-फाय एवढे तपासा. बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले असेल, तर चार्जिंग ताबडतोब बंद. ती दाबू नका, टोचू नका.

सेकंडहँड घेताय?

मूळ बिल आणि खोके मागा. सरकारच्या ‘संचार साथी’ ॲपवर आयएमईआय टाकून बघा. क्रमांक काळ्या यादीत, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असल्याचे दिसले, तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. विकणाऱ्याचे गुगल खाते तुमच्यासमोर काढायला लावा. नाहीतर फोन रिसेट झाल्यावर त्याच्याच पासवर्डची वाट बघत बसाल.

हरवला किंवा चोरीला गेला तर

क्रम पाळा. आधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करा आणि बँकेला कळवून यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. मग पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत. मग सिम कंपनीच्या गॅलरीतून त्याच नंबरचे डुप्लिकेट सिम. त्यासाठी मूळ ओळखपत्र न्या. नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. त्यानंतर ‘संचार साथी’वर हरवलेला फोन ब्लॉक करण्याचा अर्ज भरा: आयएमईआय, पोलीस तक्रारीची प्रत, ओळखपत्र, बिल, आणि नव्या सिमवर येणारा ओटीपी. याला पैसे लागत नाहीत. ‘करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. ब्लॉक झालेला फोन देशातल्या कोणत्याही नेटवर्कवर चालत नाही. सापडला तर त्याच ठिकाणी अनब्लॉक करता येतो.

दाद मिळत नसेल तर

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. आधी कंपनीला ई-मेल करा, म्हणजे लेखी पुरावा राहील. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोन फुकट, मराठीत बोलता येते. तिथेही अडले तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्याही. मुदत दोन वर्षे.

आता बेरीज

फोन १२,०००. हप्त्याचे ३२६. कव्हर आणि ग्लास ४००. चार्जर ७००. तीन वर्षांत एकदा बॅटरी १,०००, एकदा फोल्डर २,५००. एकूण १६,९२६. यातला चार्जर खोक्यातच मिळाला, हप्ता टाळला आणि फोन पडला नाही, तर साडेतीन हजार वाचतात.

शेवटचे काम आज रात्रीच करा. बिलाचा फोटो फोनमध्ये असेल, तर फोनबरोबर तोही जातो. तो घरातल्या दुसऱ्या कोणाला पाठवून ठेवा आणि दोन्ही आयएमईआय क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर, गॅस सिलिंडरच्या तारखांखाली, पेनाने लिहून ठेवा.