लँप्रोफायर : झिजलेल्या पर्वतांचे साक्षीदार

मी कला शाखेचा विद्यार्थी. भूगोल हा माझा विषय. पर्वत झिजून सपाट झाला की त्याचा इतिहासही पुसला जातो, अशी माझी समजूत होती. एका उत्तरपत्रिकेत मी तसे लिहिलेही. सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढून समासात एकच शब्द लिहिला – ‘लँप्रोफायर’. त्याचा मागोवा घेताना जे हाती लागले, ते येथे थोडक्यात मांडीत आहे.

खडकाच्या भेगेत शिलारस शिरून थिजला म्हणजे जो उभा, अरुंद पट्टा तयार होतो, त्याला भित्ती म्हणतात. जर्मनीतील फिख्टेलगेबिर्ग या डोंगराळ प्रदेशातील काळसर, अभ्रकाने चमकणाऱ्या भित्तींच्या खडकाला गुंबेल यांनी १८७४ साली लँप्रोफायर हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘लँप्रोस’ म्हणजे चकाकणारा. त्याचे व्होगेसाइट व कर्सांटाइट हे प्रकार अनुक्रमे फ्रान्समधील व्होज पर्वत आणि ब्रिटनीतील कर्सांताँ हे खेडे यांवरून ओळखले जातात. ब्रिटनीत प्लुगास्तेल येथील १६०२ ते १६०४ या काळातील क्रूसशिल्पासाठी हाच कर्सांताँ दगड वापरला आहे.

हे सर्व प्रदेश व्हॅरिस्कन पर्वतपट्ट्यात येतात. सुमारे ३८ ते ३० कोटी वर्षांपूर्वी भूखंडांची टक्कर होऊन हा पट्टा उभा राहिला. आज तेथे झिजलेले डोंगर तेवढे उरले आहेत. टकरीच्या उत्तरार्धात या भित्ती त्यांच्या मुळांत घुसल्या.

या खडकाचे कोडे त्याच्या रसायनात आहे. त्यात मॅग्नेशियम, क्रोमियम आणि निकेल भरपूर असतात. म्हणजे शिलारस कवचाखालच्या प्रावरणातून आला. पण पोटॅशियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियमही विपुल असतात, आणि ही मूलद्रव्ये तर कवचात साठणारी! मग वर येताना शिलारसात कवचाचा खडक मिसळला असेल काय? मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु या खडकांत बेरियम पुष्कळदा दशलक्ष भागांत १,००० भागांहून अधिक असते, तर खंडीय कवचात सरासरी त्याच्या निम्मेच. ज्याच्याकडे कमी आहे, त्याच्या मिसळण्याने वाढ कशी होणार? उलट क्रोमियम आणि निकेल मात्र घटले असते.

तेव्हा बदल मुळात प्रावरणातच झाला असला पाहिजे. टकरीपूर्वी सागरतळ खंडाखाली खचत असताना त्याच्याबरोबर गाळही खोल गेला. त्यातून सुटलेले पाणी आणि वितळलेला अंश प्रावरणात मुरला. पुढे तेच प्रावरण वितळून लँप्रोफायर झाले. कृष्णाभ्रक आणि हॉर्नब्लेंड ही पाणी धरून ठेवणारी खनिजे त्याची साक्ष देतात. पाण्यामुळे फेल्स्पारचे स्फटिकीकरण लांबते. म्हणून तो मोठ्या स्फटिकांत न दिसता बारीक आधारद्रव्यात सापडतो.

अर्थात, लँप्रोफायर दिसला की तेथे पर्वत होता, असे समजू नये. आपल्या मुरुड-जंजिऱ्याजवळही या भित्ती आहेत. पण त्यांचा संबंध दख्खनच्या ज्वालामुखी काळाशी आहे, पर्वतनिर्मितीशी नव्हे. नावावरून निष्कर्ष न काढता रसायन आणि परिसर दोन्ही तपासावे लागतात.

पर्वताचे शिखर वाऱ्यापावसाने नेले, तरी त्याने खाली प्रावरणात जे घडवले ते या हात-दोन हात रुंदीच्या भित्तींनी जपून ठेवले. ते वाक्य मी आता खोडले आहे.