एकदा झालेला लेप्टो पुन्हा होऊ शकतो

लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे बोलीभाषेतला ‘लेप्टो’, एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही, ही समजूत दर पावसाळ्यात दवाखान्यांत ऐकू येते आणि ती तितकीच चुकीची आहे. लेप्टोस्पायरा या मळसूत्री जिवाणूचे २५०हून अधिक रोगकारक उपप्रकार असून, शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला ओळखून निकामी करणारी प्रथिने, मुख्यतः त्याच किंवा त्याच्या जवळच्या उपप्रकाराला रोखतात. तरीही या समजुतीमुळे आधी लेप्टोतून बरा झालेला शेतकरी भातलावणीनंतरचा ताप निर्धास्तपणे मेडिकलमधल्या वेदनाशामक गोळ्यांवर काढतो आणि डोळे पिवळे होऊन लघवी कमी झाल्यावरच रुग्णालय गाठतो, तेव्हा त्या गोळ्यांपैकी काहींनी मूत्रपिंडांवरचा भार वाढवलेला असतो.

जनावरांनाही हेच लागू पडते. कुत्र्याला पहिल्या दोन मात्रांनंतर दरवर्षी लस द्यावी लागते आणि ती लशीतल्या उपप्रकारांपुरतीच खात्रीची असते. गाईम्हशींत गर्भपात होऊ लागल्यास त्यामागे लेप्टो असू शकतो, म्हणून पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. उंदीर मात्र आजारी न दिसताही मूत्रावाटे जंतू सोडत राहतात, म्हणून घरचा कुत्रा लसवंत असला तरी साचलेले पाणी सुरक्षित ठरत नाही.

माणसांसाठीची लस भारतात नेहमीच्या वापरात नाही. त्यामुळे जखम झाकणे, गमबूट घालणे, कचरा साचू न देणे आणि पुराच्या पाण्यातून चालावे लागल्यास ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घेणे, हेच खरे प्रतिबंधक उपाय होत. अशा वेळी डॉक्टर देतात ती डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी प्रतिकारशक्ती देत नाही, तिचा प्रभाव अल्पकाळच टिकतो, आणि गर्भवती स्त्रिया व आठ वर्षांखालील मुलांना ती परस्पर देऊ नये. मोबाइलवर फिरणारे काढे आणि ‘कावीळ उतरवणारे’ तर मोलाचा वेळच वाया घालवतात.

पाण्याचा किंवा चिखलाचा संपर्क झाल्यापासून महिनाभरात थंडी वाजून ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना व डोळ्यांत लाली दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कावीळ, धाप, थुंकीतून रक्त किंवा लघवी कमी होणे ही तातडीची लक्षणे आहेत. पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडे पुरेशी तयार झालेली नसल्याने रक्तचाचणी निर्दोष येऊ शकते, म्हणून त्या अहवालाच्या भरवशावर उपचार थांबवू नयेत. हा आजार माणसाकडून माणसाला सहसा होत नाही आणि प्रतिजैविके लवकर सुरू झाल्यास बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. मात्र डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचे सांगणे हे रुग्णाचेच काम आहे.