तिला एकटं राहता यावं म्हणून

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या अलीकडं आमचं शेत आहे. ऊस, कांदा, दोन-चार म्हशी, आणि माझ्या सासऱ्यांनी हौसेनं उभी केलेली मारवाडी घोड्यांची छोटीशी पागा. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा मामंजी कधी चुकवायचे नाहीत. आमची पहिली कुमैत घोडी तिथूनच आली. आता पागेचं सगळं माझ्याकडं आहे. थंडी ओसरली की घोड्या विण्याचे दिवस सुरू होतात, ते पहिल्या पावसापर्यंत चालतात. या दिवसांत माझ्या उशाशी मोबाइल असतो, त्यात पागेतल्या कॅमेऱ्याचं चित्र चालू असतं आणि गाभण घोडीच्या अंगावर अलार्म असतो. या जागरणांनी जे शिकवलं, ते इथं मांडते आहे.

१. कॅमेऱ्याचं मोठं काम म्हणजे मी घोडीच्या नजरेआड राहते. बसवताना मनात उलटं होतं. ती मला दिसावी, एवढाच हेतू होता. मामंजी कंदील घेऊन तिच्या खोलीबाहेर बाजेवर बसायचे, रात्ररात्र. पहाटे चहाला म्हणून घरात यावं, तर तेवढ्यात घोडी मोकळी झालेली. घोडेवाल्यांच्या घरोघरी ही गोष्ट ऐकायला मिळते आणि तिच्यामागं कारण आहे. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. विताना घोडी आडवी पडते, तेव्हा तिला पळता येत नाही. म्हणून ती काळोख आणि एकांत शोधते, आणि बहुतेक घोड्या रात्रीच वितात. शेपूट झटकणं, वळून कुशीकडं बघणं, अंगाला घाम फुटणं, हा कळांचा पहिला टप्पा. त्या वेळी कुणाची ये-जा असली तर ती पुढचं काही काळ थोपवून धरू शकते. एकदा पाणमोट फुटली, की थोपवणं तिच्याही हाती राहत नाही. मामंजींची माया खरी होती, पण त्या घटकेला तिला मायेच्या माणसाचीही अडचण होत असणार. आता मी माझ्या खोलीत असते, ती तिच्या गवतात. तिच्या लेखी तिथं कुणी नसतं, आणि तिला नेमकं तेच हवं असतं.

२. गाईम्हशींच्या हिशेबानं घोडीकडं बघून चालत नाही. शेतकरी घरात वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. म्हैस वीत असली तर हाताशी तास असतात. शेजारून कुणाला हाक मारता येते, डॉक्टरांना बोलावता येतं. घोडीची पाणमोट फुटल्यापासून शिंगरू बाहेर येईपर्यंत सगळं वीस-तीस मिनिटांत आटपतं. त्याहून लांबलं तर शिंगराच्या जिवाला धोका, कारण घोडीची वार आतून फार लवकर सुटू लागते. अकरा महिने सांभाळायचं आणि निकाल अर्ध्या तासात. आमच्याकडं डॉक्टर पोचायलाच तेवढा वेळ जातो. म्हणजे अलार्म वाजल्यावर फोन केला, तर ते येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून कास भरून सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब दिसले की मी संध्याकाळीच त्यांना कळवून ठेवते. रात्रीची घंटा वाजते ती घरातल्या माणसांसाठी. त्यांच्या हातांना काय करायचं, काय नाही करायचं, हे आधीच ठाऊक असावं लागतं. ते शिकवणारं यंत्र अजून मला भेटलेलं नाही.

३. प्रत्येक अलार्मला एकच गोष्ट कळते. आमच्याकडं दोन तऱ्हेचे आहेत. एक म्होरकीला अडकवायचा. घोडी कुशीवर पूर्ण आडवी झाली की तो वाजतो. दुसरा डॉक्टर बसवतात. विण्याच्या आठ-पंधरा दिवस आधी जागा बधिर करून योनीच्या एका ओठाला छोटा ट्रान्समीटर आणि दुसऱ्याला चुंबक टाक्यानं लावतात. शिंगराचे पाय बाहेर येऊ लागले की ओठ फाकतात, चुंबक सुटतो आणि घंटा वाजते. ऐकायला पक्कं वाटतं. पण एखादी घोडी उभ्यानंच विते, तिथं म्होरकीवाला गप्प राहतो. शिंगरू आत आडवं-तिडवं अडकलं आणि पाय बाहेरच आले नाहीत, तर चुंबकवाला गप्प राहतो. आणि नेमकी तीच रात्र सर्वांत धोक्याची असते. उलट, घोडी निवांत झोपली किंवा तिनं भिंतीला शेपूट घासलं, तरी यांचा गलका ठरलेला. म्हणून दोन वेगळ्या तऱ्हेचे अलार्म आणि वर कॅमेरा, अशी जोडणी मला पटली. एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसण्याची शक्यता तरी राहते. घंटा वाजली नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं मात्र मी धरत नाही.

४. विण्याआधीच्या साध्या रात्री बघणं फार उपयोगाचं ठरलं. आता मी कॅमेरा महिनाभर आधीच चालू करते. घोडा उभ्यानं डुलकी घेतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण गाढ झोपेसाठी त्यालाही आडवं व्हावं लागतं, थोड्या वेळापुरतं का होईना. आमची बिजली मध्यरात्रीनंतर भिंतीकडं पाठ करून आडवी व्हायची, जरा वेळानं उठून अंग झाडायची आणि गव्हाणीकडं जायची. रोज तेच. पोट जड झालं तसं तिचं आडवं होणं कमी झालं. आता एका रात्री ती गवताला तोंड न लावता खोलीभर फिरायला लागली, तर ते मला लगेच उमगतं. तिचं नेहमीचं वागणं डोळ्यांत बसलेलं असतं. खोट्या घंटांनी झोपमोड होते, चिडचिडही होते. पण त्या निमित्तानं उघडलेल्या पडद्यावर मी माझ्याच घोडीची अशी बाजू पाहिली, जी दिवसा खरारा करताना कधीच दिसली नसती.

५. दिवस मोजावेत, पण त्यांच्या आहारी जाऊ नये. घोडीचे गाभण दिवस सरासरी ३४० धरतात. पण ३२० ते ३६५ यांतलं काहीही सुखरूप असू शकतं. ३२० च्या आत आलेलं शिंगरू अपुऱ्या दिवसांचं मानतात. मामंजींच्या वहीत प्रत्येक घोडीचं पान वेगळं होतं, आणि एकच घोडी दर खेपेला साधारण तेवढेच दिवस घेते हे त्या पानांवरून दिसतं. मांजरी-नानोलीकडच्या रेसच्या घोड्यांच्या स्टड फार्मवर वेगळी घाई असते. तिथं प्रत्येक शिंगराचं वय १ जानेवारीपासून धरतात, त्यामुळं वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलं शिंगरू फायद्यात राहतं. आम्हाला तशी घाई नाही. मेणही भरवशाचं नाही. कुणाला दोन दिवस आधी येतं, कुणाला आठवडाभर आधी, कुणाला येतच नाही. मला त्यातल्या त्यात भरवशाची वाटते ती कासेतल्या दुधाची पीएच पट्टी. दिवस भरत आले की चार थेंब काढायचे आणि पट्टीचा रंग बघायचा. आकडा सातच्या वरून उतरत ६.४ च्या आसपास आला की बहुतेक घोड्या एक-दोन दिवसांत वितात. ज्या रात्री जागायचं ती रात्र निवडायला पट्टी मदत करते. रोज रात्री जागणारा माणूस नेमक्या रात्री पेंगतो.

६. रात्रीच्या कॅमेऱ्याला रंग दिसत नाही. हा मुद्दा मला कुठल्याही दुकानदारानं सांगितला नाही, आमच्या डॉक्टरांनी सांगितला. अंधारात तो इन्फ्रारेडवर चालतो, चित्र काळं-पांढरं येतं. आणि घोडीच्या बाळंतपणात एका घटकेला सगळं रंगावर ठरतं. आधी बाहेर यायला हवी ती निळसर पांढरी, चकचकीत पिशवी. तिच्याऐवजी मखमलीसारखी लाल पिशवी दिसली तर वार आधीच सुटली आहे, म्हणजे आत शिंगराला प्राणवायू मिळत नाही. तेव्हा वाट बघत बसायचं नसतं. ती पिशवी तिथंच कापून शिंगरू लगोलग ओढून काढायचं असतं. पडद्यावर दोन्ही पिशव्या करड्याच दिसतात. म्हणून पाणमोट फुटल्याचं दिसलं की बॅटरी घेऊन एकानं जवळ जाऊन बघायचंच, असा आमच्याकडं नेम आहे. खोलीबाहेर खुंटीला बोथट टोकाची कात्री, हातमोजे आणि स्वच्छ फडकी टांगलेली असतात. बघायचं ते एवढंच: पिशवी पांढरी आहे ना, पुढचे दोन पाय तळवे खाली करून आलेत ना, एक पाय दुसऱ्याच्या जरासा पुढं आहे ना, आणि गुडघ्यांवर नाक टेकलेलं आहे ना. तळवे वर दिसले, एकच पाय आला, किंवा नाकाचा पत्ताच नसला, तर डॉक्टरांना फोन, आणि ते येईपर्यंत घोडीला उठवून चालतं ठेवायचं. सगळं ठीक असलं तर आल्या पावली मागं फिरायचं.

७. मागं फिरणं हीच सगळ्यांत अवघड गोष्ट आहे. शिंगरू बाहेर पडलं की घोडी बराच वेळ तशीच पडून राहते आणि नाळ जोडलेली असते. आपल्याला वाटतं पुसावं, उठवावं, आईजवळ सरकवावं. पण नाळ आपली आपण तुटू द्यावी लागते. घोडी उठली किंवा शिंगरू धडपडलं की ती आपसूक तुटते. मग बेंबीला औषध लावायचं आणि पुन्हा दाराबाहेर. त्या दोन मिनिटांत मी एक गोष्ट नेहमी बघून घेते. नवजात शिंगराच्या खुरांखाली मऊ, पांढुरकी, ओल्या रबरासारखी बोटं लोंबत असतात. पोटात असताना कठीण खुरानं आईला इजा होऊ नये म्हणून निसर्गानं घातलेलं ते आवरण. शिंगरू उभं राहून चार पावलं टाकतं न टाकतं तोच ती झिजायला लागतात, दुसऱ्या दिवशी शोधूनही सापडत नाहीत. पहिल्यांदा पाहिली तेव्हा काहीतरी व्यंग आहे असं वाटून पोटात गोळा आला होता. आता ती दिसली नाहीत तर मला चुकल्यासारखं होईल.

यापुढचं काम पुन्हा कॅमेऱ्याचं. तासाभरात शिंगरू उभं राहिलं का, दोन तासांत प्यायलं का, तीन तासांत वार पडली का. पिण्याकडं माझा डोळा सर्वांत जास्त असतो. घोडीच्या पोटात असताना शिंगराला आईकडून रोगाशी लढायची ताकद जवळजवळ काहीच मिळत नाही. ती सगळी चिकात असते, आणि शिंगराचं आतडं चीक जसाच्या तसा शोषून घेतं ते पहिले काही तासच. दिवस उलटला की ते दार बंद होतं. म्हशीचा चीक घरात आला की आमच्याकडं खरवसाची भांडी निघतात. घोडीच्या चिकाचा थेंब न् थेंब शिंगराचा. पडद्यावर ते कासेखाली नाक खुपसताना दिसलं म्हणजे प्यायलं असं नव्हे. शेपटी हलते का, गिळल्यासारखा गळा हलतो का, हे बारकाईनं बघावं लागतं. शंका असली की दुसऱ्या दिवशी डॉक्टर रक्त तपासतात. आणि पडलेली वार मी फेकू देत नाही. बादलीत झाकून ठेवते. डॉक्टर ती पसरून पूर्ण आहे ना ते बघतात, कारण आत राहिलेला छोटा तुकडासुद्धा घोडीला जिवावरचं आजारपण देऊ शकतो.

८. गावात वीज जाते. यावर जास्त काय लिहायचं. कॅमेरा, राउटर आणि अलार्मचा रिसीव्हर यांना वेगळा इन्व्हर्टर हवा आणि त्याची बॅटरी हंगामाआधी तपासलेली हवी. आमच्या भागात उसात बिबट्या असतो, म्हणून विण्याच्या खोलीला वरपर्यंत जाळी आहे आणि एक कॅमेरा बाहेरच्या वाटेकडं तोंड करून आहे. बॅटरी घेऊन निघण्याआधी तो बघायचा.

९. घंटा माझ्या मोबाइलवर वाजते, पण पागेत सर्वांत आधी चाचा पोचतात. ते मामंजींच्या वेळेपासूनचे मोतद्दार. पडदा त्यांना फारसा आवडत नाही, पण कॅमेऱ्यातून येणारा आवाज ते कान देऊन ऐकतात. खाली अंथरलेलं गवत कसं खसखसतं त्यावरून ती लोळतेय की कळा देतेय हे त्यांना कळतं, आणि मला अजून ते साधलेलं नाही. म्हणून रिसीव्हर आता त्यांच्या बाजेशी असतो. बरीच वर्षं असं चालायचं, की रात्री चाचा घोडीपाशी आणि सकाळी उठून तेच लीद काढायला, चंदी द्यायला, खराऱ्याला. यंत्र आलं म्हणून त्यांचं जागरण संपेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ते कमी झालं, संपलं नाही. म्हणून विण्याच्या हंगामात दिवसाच्या कामाला आम्ही दुसरा गडी ठेवतो आणि चाचा दुपारपर्यंत झोपतात. आसपासचे घोडेवाले अलार्मची किंमत विचारायला येतात, तेव्हा या गड्याचा पगार धरूनच मी त्यांना आकडा सांगते.