बेरीज रेणूपेक्षा जास्त कशी?

ओवी : मावशी, बाटलीवर लेबल नाही. आत काय आहे, हे कॉम्प्युटर कसं ओळखणार?

मावशी : मास स्पेक्ट्रोमीटर इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने रेणू फोडतो आणि तुकड्यांचे भार नोंदवतो. पुढचं काम तर्काचं. स्टॅनफर्डमध्ये १९६५ साली त्यासाठी ‘डेन्ड्रल’ प्रोग्रामचं काम सुरू झालं. जनुकशास्त्रातले नोबेल मानकरी लेडरबर्ग, संगणकवाले फायगनबॉम, तत्त्वज्ञान शिकलेले बुकॅनन आणि रसायनज्ञ जेरासी. तेच ते, गर्भनिरोधक गोळीवाले!

ओवी : पण शक्य त्या सगळ्या रचना तपासायला कॉम्प्युटरला कितीसा वेळ लागणार?

मावशी : दहा कार्बनच्या अल्केनच्या रचना ७५. वीस कार्बनच्या ३,६६,३१९. त्यात ऑक्सिजन, नायट्रोजन आले की विचारूच नकोस. म्हणून आधी छाटणी, तीही रसायनज्ञांच्या नियमांनी. हे बघ : आठ कार्बन, सोळा हायड्रोजन, एक ऑक्सिजन, रेणुभार १२८. स्पेक्ट्रममध्ये ५७ आणि ९९ वर उंच रेघा आहेत. कर बेरीज.

ओवी : १५६. अगं, ही तर रेणूपेक्षा जास्त!

मावशी : कितीने?

ओवी : २८ ने. कार्बन १२, ऑक्सिजन १६… कार्बोनिल!

मावशी : बरोब्बर. कीटोन कार्बोनिलच्या डावीकडे तुटला की कार्बोनिल एका तुकड्यात राहतो, उजवीकडे तुटला की दुसऱ्या. म्हणून तो दोनदा मोजला गेला. दोन्हींतून २८ काढ. २९ म्हणजे इथाइल, ७१ म्हणजे पाच कार्बनांचा गट.

ओवी : मग हा ३-ऑक्टॅनोन!

मावशी : थांब. ते पाच कार्बन सरळ रांगेत की फाटे फुटलेले, हे बेरीज सांगत नाही. डेन्ड्रल उरलेल्या सगळ्या रचना मांडतो, प्रत्येकीचा स्पेक्ट्रम कसा येईल ते वर्तवतो आणि खऱ्याशी ताडून क्रम लावतो. आपण मात्र पहिल्या ओळखीच्या नावावर खूश होतो, आत्ता तू झालीस तसे.

ओवी : आणि नियमच चुकला तर?

मावशी : तर खरा रेणूच छाटला जाईल आणि प्रोग्रामला पत्ताही लागणार नाही. शिवाय जाणत्यांकडून नियम वदवून घेणं महाकठीण. ते म्हणतात, ‘दिसतंच की!’ म्हणून स्पेक्ट्रमांवरून स्वतःच नियम काढणारा ‘मेटा-डेन्ड्रल’ तयार झाला. कीटोअँड्रोस्टेन या स्टेरॉइडांसाठी त्याने काढलेले नियम १९७६ साली ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’त छापून आले.