अंतरिक्षातले काळे धोंडे

शिरपूरच्या माणसाला ‘अंतरिक्ष’ हा शब्द नवा नाही. अंतरिक्ष पार्श्वनाथाचे देऊळ गावातच आहे. अंतरिक्ष म्हणजे वरची अफाट पोकळी. तिथे सूर्याभोवती असंख्य धोंडे फिरतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. त्यांचा रंग कसा बदलतो, ते आज आपण पाहू.

आधी बांधावरचा काळा दगड फोडून बघा. आतून काळाभोर, वरून मळकट तांबूस. ही ऊन, पाऊस आणि हवेची करणी. दगडातल्या लोखंडाला जणू गंज चढतो.

अंतरिक्षात हवा नाही, पाऊस नाही. मग तिथला दगड नवाच राहतो का? नाही. सूर्याकडून अतिशय बारीक कण सारखे सुटतात. त्याला सौर वारा म्हणतात. शिवाय धुळीचे कण बंदुकीच्या गोळीहून वेगाने आदळतात. त्या माऱ्याने दगडाची वरची साय वितळते, बदलते. ही साय केसाहूनही पातळ असते.

चंद्रावरची माती अशा माऱ्याने काळपट व तांबूस होते. पण काही लघुग्रहांत कार्बन, म्हणजे कोळशातले द्रव्य, पुष्कळ असते. ते मुळातच काळे असतात. त्यांचे काय होते?

जपानच्या यानाने र्‍युगू या लघुग्रहावरची सुमारे ५ ग्रॅम माती २०२० साली आणली. अमेरिकेच्या यानाने बेन्नूवरची सुमारे १२१ ग्रॅम माती २०२३ साली आणली. दोन्ही यानांना तिथे नवल दिसले. र्‍युगूची जुनी जमीन तांबूस, नवी उघडी पडलेली निळसर. बेन्नूवर उलटेच! तिथे नवे खड्डे तांबूस आणि जुनी जमीन निळसर. ही झाक इतकी मंद, की ती यंत्रालाच कळते.

याचा आपल्याला उपयोग काय? लोणारचा खड्डा आपल्या शेजारीच आहे. फार पूर्वी असाच धोंडा पडून तो झाला. त्याची रुंदी सुमारे १८०० मीटर आहे. बेन्नू २१८२ साली पृथ्वीवर आदळण्याची शक्यता २७०० त १ एवढीच आहे. भिण्याचे कारण नाही. पण असा धोंडा कधी बाजूला सारायचा झाला, तर तो कशाचा आहे ते आधी कळले पाहिजे. दुरून आपल्याला फक्त त्याचा रंग दिसतो. म्हणून वरची साय कोणती आणि आतला दगड कोणता, हे ओळखायला शिकायचे.

प्रश्न : १. सौर वारा म्हणजे काय?
२. बेन्नूची जुनी जमीन कशी दिसते?
३. आपल्या शेतातला दगड फोडा. आतला व बाहेरचा रंग लिहा.