माझे अरबीचे शिक्षण : रोहिणखेड ते कैरो

“अरबी कायले शिकतं रे बापा?” हा प्रश्न मला गेल्या सहा वर्षांत इतक्या जणांनी विचारला आहे की, आता त्याचे उत्तर देण्याऐवजी मी नुसता हसतो. वार्षिकाच्या संपादकांनी तोच प्रश्न जरा शुद्ध भाषेत विचारला आणि त्यावर लेख लिहावयास सांगितले. तेव्हा या वेळी हसून भागणार नाही. मी याच महाविद्यालयाचा विद्यार्थी. इतिहास घेऊन बी. ए. झालो, पुढे हैदराबादला अरबी घेऊन एम. ए. केले आणि नंतर दहा महिने कैरोत परदेशी विद्यार्थ्यांच्या भाषावर्गात होतो. या दहा महिन्यांत काय शिकलो, त्याहीपेक्षा काय चुकलो, ते सांगावे असा विचार आहे.

माझे गाव रोहिणखेड. बुलडाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग मानतात; त्यांपैकी आम्ही घाटाखालचे. बालाघाटाच्या अगदी पायथ्याशी, दख्खनातून बऱ्हाणपूरकडे उतरणाऱ्या जुन्या वाटेवर हे गाव आहे आणि म्हणूनच सैन्यांनी त्याला कधी स्वस्थ बसू दिले नाही. इ. स. १४३७ मध्ये वऱ्हाडवर चाल करून आलेल्या खानदेशच्या नासिरखान फारुकीला बहामनी सेनापती खलफ हसन बसरी याने येथेच पराभूत केले आणि बऱ्हाणपूरपर्यंत त्याचा पाठलाग करून ते शहर लुटले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बुऱ्हाण निजामशहा आणि अहमदनगरचा जमालखान यांची लढाई झाली तीही येथेच, आणि जमालखान तीत मारला गेला. त्याच जमालखानाच्या पक्षाचा सरदार खुदावंदखान महदवी याने १५८२ मध्ये बांधलेली लहानशी पण देखणी मशीद गावात आहे.

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या वर्गाची सहल या मशिदीला आली. गाव माझे, म्हणून सर्वांना दाखविण्याचे काम माझ्याकडे. दगडावरच्या कोरीव अक्षरांकडे बोट करून सरांनी विचारले, “काय लिहिले आहे रे?” मी लहानपणापासून त्या अक्षरांखाली लपाछपी खेळलो होतो. मला सांगता आले नाही. गावातील कोणालाच नीट सांगता आले नाही. ते दुःख मोठे होते असे मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी संध्याकाळी मी शेजारच्या चाचांकडे गेलो आणि “मले अलीफ-बे शिकवा,” म्हणालो. चाचांनी आधी माझ्या वडिलांना विचारून घेतले. मग पाटी काढली.

अरबीत अक्षरे अठ्ठावीस. ती उजवीकडून डावीकडे लिहितात आणि शब्दाच्या आरंभी, मध्ये व शेवटी त्यांची रूपे बदलतात. एवढे चाचांच्या पाटीवर दोन महिन्यांत झाले. पुढे हैदराबादला व्याकरण सुरू झाले तेव्हा पहिला आनंद मिळाला तो आमच्या गावच्या त्या सेनापतीमुळे. खलफ हसन हा मूळचा बसऱ्याचा व्यापारी. त्याची पदवी होती ‘मलिक-उत्-तुज्जार’. मलिक म्हणजे राजा. तुज्जार हे ‘ताजिर’ म्हणजे व्यापारी या शब्दाचे अनेकवचन. मधला शब्द खरा ‘अल्’. मग त्याचा ‘उत्’ कसा झाला? अरबीतील निम्मी अक्षरे ‘सूर्याक्षरे’ आणि निम्मी ‘चंद्राक्षरे’ मानतात. पुढे सूर्याक्षर आले की ‘अल्’मधला ‘ल्’ त्या अक्षरासारखा होतो. ‘शम्स’ म्हणजे सूर्य, म्हणून ‘अश्-शम्स’. ‘कमर’ म्हणजे चंद्र, तिथे ‘अल्-कमर’च राहते. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला याची पदवी ‘इमाद-उल्-मुल्क’. तिथे पुढे ‘म’ आहे, ते चंद्राक्षर, म्हणून ‘ल्’ जागेवरच. संस्कृतच्या तासाला ‘तत् + लीन = तल्लीन’ घोकलेल्या मुलाला हे फारसे परके वाटत नाही. आपण ज्याला संधी म्हणतो तोच प्रकार हा.

दुसरी गोष्ट धातूंची. तीन व्यंजने हा शब्दाचा सांगाडा. त्यांत स्वर भरले आणि मागेपुढे उपसर्ग-प्रत्यय लावले की शब्द होतात. क-त-ब म्हणजे लिहिणे. त्यापासून किताब, कातिब म्हणजे लिहिणारा, मकतब म्हणजे लिहिण्याची जागा. हान्स वेर यांच्या कोशात शब्द पाहावयाचा तर आधी त्याचा धातू ओळखावा लागतो. ‘मकतब’ म मध्ये शोधत बसलात तर दिवस जाईल. माझे पुष्कळ दिवस गेले.

असो. कैरोला जाण्याची संधी मिळाली ती शिष्यवृत्तीमुळे. तिच्यात शिक्षण आणि राहणे होते, विमानाचे भाडे नव्हते. वडिलांची चार एकर कोरडवाहू जमीन. कापूस आणि सोयाबीन. त्यांनी कर्ज काढले. “दुसरं काही नाई, पण परत ये,” एवढेच ते म्हणाले. त्या कर्जाच्या अर्जाची एक छायाप्रत माझ्या फायलीत राहून गेली होती. ती मुद्दाम नेली नव्हती. तिचा उल्लेख पुढे येणार आहे म्हणून सांगितले.

कैरोत पहिल्याच सकाळी मी पावाच्या दुकानात गेलो आणि हैदराबादला शिकलेले संपूर्ण वाक्य, शेवटच्या विभक्तिप्रत्ययासह, म्हटले : “उरीदु खुब्झन”, म्हणजे मला पाव पाहिजे. दुकानातला मुलगा इतका हसला की, आतून त्याचा मालक बाहेर आला. तो हसण्यात वाईट काही नव्हते. आपल्याकडे किराणा दुकानात कोणी “मजला साखर हवी आहे” असे म्हटले तर जे होईल तेच झाले. पुस्तकी अरबीला ‘फुसहा’ म्हणतात, बोलीला ‘आम्मिय्या’. वर्तमानपत्र, भाषण, बातम्या, परीक्षा फुसहात. आई, बाजार, भांडण, विनोद आम्मियात. कैरोत पावाला ‘खुब्झ’ म्हणत नाहीत, ‘ऐश’ म्हणतात. ‘ऐश’ म्हणजे खरे तर जगणे. आपल्याकडे हाच शब्द फारसीवाटे आला आणि आपण ऐश करू लागलो. कैरोचे लोक ती रोज सकाळी रांगेत उभे राहून विकत घेतात आणि उसळीबरोबर खातात.

उच्चारही वेगळे. पुस्तकातला ‘ज’ कैरोत ‘ग’ होतो. घशातून काढावयाचा ‘क’ बहुधा गळूनच पडतो आणि ‘कलम’चे ‘अलम’ होते. हे ऐकले आणि मला एकदम आमची ‘शाया’ आठवली. घाटाखाली आम्ही ‘ळ’चा ‘य’ करतो. शाळा नाही, शाया. डोळा नाही, डोया. पहिल्या वर्षी एका वक्तृत्वस्पर्धेत माझ्या तोंडून ‘शाया’ गेले आणि सभागृह हसले. त्यानंतर बी. ए. होईपर्यंत मी व्यासपीठावर चढलो नाही, आणि वसतिगृहात वडिलांचा फोन आला की, बाहेर जाऊन बोलत असे. कैरोतले आमचे प्राध्यापक वर्गात अस्खलित फुसहात व्याकरण शिकवीत आणि दाराबाहेर पडताच शिपायाशी ‘क’ गिळून गप्पा मारीत. वर्ग आणि दार यांत तीन पावलांचे अंतर. त्यांना ना या भाषेचा गर्व होता ना त्या भाषेची लाज. तिथेही बोलीला ‘बिघडलेली अरबी’ म्हणणारे विद्वान आहेतच. पण ते विद्वानही पाव घेताना ‘ऐश’च म्हणतात.

येथे वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांसाठी एक नोंद करतो. १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे नजीब महफूझ यांनी कैरोच्या गल्लीबोळांवर कादंबऱ्या लिहिल्या, पण त्यांची पात्रे संवाद बोलतात ते फुसहात. आपल्याकडे उद्धव शेळके यांनी ‘धग’मध्ये (१९६०) वऱ्हाडी जशीच्या तशी आणली. महफूझ वाचताना मला पुनःपुन्हा वाटे की, हा चहावाला असे बोलणार नाही. मोठेपणाचा प्रश्न नाही; पण शेळके यांनी आम्हांला जे दिले ते कैरोच्या चहावाल्याला त्याच्या थोर लेखकाने दिले नाही, असे माझे मत आहे. प्राध्यापकांचे मत वेगळे असू शकेल.

आता माझ्या नापास होण्याविषयी. पहिल्या सत्राच्या श्रुतलेखनात मी नापास झालो. कारण एकच अक्षर : ‘दाद’. हा साधा ‘द’ नव्हे. जिभेच्या कडा दाढांना लावून जड, भरीव उच्चार करावा लागतो. अरब लोक आपल्या भाषेलाच ‘दादची भाषा’ म्हणतात, म्हणजे हे अक्षर काय योग्यतेचे ते कळेल. ‘माझा भाऊ आजारी आहे’ या वाक्यात ‘मरीद’ म्हणजे आजारी हा शब्द दादने लिहावयाचा. मी साध्या ‘द’ने लिहिला, आणि तो ‘मुरीद’, म्हणजे शिष्य, असा वाचला गेला. असे अकरा शब्द चुकले. पुन्हा नापास झालो असतो तर शिष्यवृत्ती बंद होऊन परतावे लागले असते. कर्ज मात्र बंद झाले नसते.

त्या रात्री कागद आवरताना अर्जाची ती छायाप्रत हाती आली. ‘मौजे रोहिणखेड, जिल्हा बुलडाणा’ हे वाचले आणि थबकलो. ‘मौजे’चे मूळ अरबी ‘मौदिअ’, म्हणजे जागा, ठिकाण. ‘जिल्हा’चे मूळ ‘दिलअ’, म्हणजे बरगडी, बाजू. दोन्ही शब्दांत दाद आहे. फारसीत दादचा उच्चार ‘झ’सारखा होतो, तिथून आपल्याकडे येताना त्याचा ‘ज’ झाला. म्हणूनच अरब ‘रमदान’ म्हणतात आणि आपण ‘रमजान’. मग मी पेन्सिल घेऊन बसलो. अर्ज : दाद. कर्ज : दाद. गरज : दाद, मात्र तिकडे त्याचा अर्थ हेतू; आपल्याकडे हेतूची गरज झाली. जामीन : दाद. कब्जा, म्हणजे मुळात मूठ, पकड : दाद. अर्जदार समक्ष ‘हजर’ : दाद. आणि खाली बारीक अक्षरांत, हप्ते थकल्यास ‘जप्ती’ : तिथेही दाद. एका पानावर मला जितके दाद सापडले तितके पाठ्यपुस्तकाच्या धड्यात नव्हते. ही यादी मी भिंतीवर चिकटविली. पुढे नवा शब्द आला की आधी विचारी, याचा मराठीत कोणी नातलग आहे काय, आणि त्यात ‘ज’ आहे काय? ‘ज’ असला म्हणजे दादच असेल असे नव्हे, कारण अरबीत ‘झ’ची इतर अक्षरेही आहेत, पण संशय घेण्यास जागा मिळते. दुसऱ्या सत्रात श्रुतलेखनात दोनच चुका झाल्या.

मग हा छंदच लागला. ऋतूंचा धडा आला : शिता, रबीअ, सैफ, खरीफ. हिवाळा, वसंत, उन्हाळा, शरद. चारांपैकी दोन मी वडिलांच्या तोंडून जन्मापासून ऐकत होतो, खरीप आणि रब्बी. तिकडे ते ऋतू आहेत, आपल्याकडे ती पिके झाली. ह-स-ल या धातूपासून तहसील म्हणजे मिळविणे. विद्यार्थ्याने मिळविलेल्या विद्येलाही तिकडे तहसील म्हणतात. त्याच धातूचा महसूल म्हणजे पीक, शेतातून हाती आलेले धान्य. आपल्याकडे महसूल म्हणजे त्यातून सरकारने नेलेले. शब्द तोच, कोणाच्या हाती पडला त्यावर अर्थ ठरला. ‘हरकत’ म्हणजे मुळात हालचाल; व्याकरणात ऱ्हस्व स्वराच्या खुणेलाही हरकतच म्हणतात. वर्तमानपत्रात या खुणा छापत नाहीत. तेव्हा कोणतीही हरकत नसलेला मजकूर वाचता येणे ही आमची खरी परीक्षा असे.

मी काही पहिला गेलो नाही. आमच्या उत्तरेस बऱ्हाणपूर आहे. तिथे पंधराव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेले अली मुत्तकी मक्केला गेले, तेथील विद्वानांपाशी शिकले आणि ‘कन्झुल उम्माल’ हा सेहेचाळीस हजारांवर हदीसांचा प्रचंड संग्रह त्यांनी अरबीत सिद्ध केला. हैदराबादच्या दाइरतुल मआरिफने तो पुढे छापला. १५६७ मध्ये ते मक्केतच वारले. महदवी पंथाच्या मताविरुद्धही त्यांनी लिहिले होते. आणि त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी आमच्या गावी मशीद उभी केली ती एका महदवी सरदाराने. मक्केत ज्यावर अरबीत वाद चालला होता, त्याची एक बाजू घाटाखाली दगडात उभी राहात होती. शाळेत हे कोणी सांगितले असते तर मी लपाछपी जरा जपून खेळलो असतो.

ज्यांना जावयाचे आहे त्यांना दोन शब्द. व्याकरणाचा पाया येथेच घालून जा; तिकडे व्याकरण शिकण्यात दिवस घालविणे म्हणजे विमानाचे भाडे वाया घालविणे. तिकडचा वेळ कानासाठी ठेवा. देशबांधवांबरोबर एका खोलीत राहू नका. मी पहिले तीन महिने तसाच राहिलो आणि माझी हिंदी तेवढी सुधारली. आणि कोणी हसले की, का हसला ते विचारून घ्या.

परत आल्यावर वडील मला मशिदीत घेऊन गेले. मी त्यांना नेले नाही. चाचाही आले. वडिलांनी कोरीव अक्षरांकडे पाहून विचारले, “सांग आता, काय लिवेल हाये तिथं?” अक्षरे एकमेकांवर चढविलेली, काही झिजलेली. मधूनमधून शब्द सुटत होते, ओळ लागत नव्हती. दगडावरचे वाचणे ही वेगळी विद्या आहे, आणि दख्खनच्या लेखांसाठी नुसती अरबी पुरत नाही, फारसीही यावी लागते. मला जे पाच-सहा शब्द लागले ते वाचून दाखविले. चाचांनी त्यांतील एक दुरुस्त केला.

“अन् बाकीचं?” वडील म्हणाले.

“बाकीचं येत नाई अजून मले.”

या जूनपासून मी फारसीच्या वर्गात नाव घातले आहे. कर्जाचे चार हप्ते राहिले आहेत.